रुग्णालयाच्या दारातील दंड

(भोपाळच्या अयोध्यानगर भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बैठकीत, मूळचे निपाणीचे पण नोकरीच्या निमित्ताने तिकडे स्थायिक झालेल्या एका गृहस्थांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. आजारी माणसाला घेऊन रात्री-अपरात्री कोल्हापूर, मिरज वा बेळगाव गाठण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, अशा आमच्या वाचकांना तो परका वाटणार नाही.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. देशापुढे एवढे मोठे प्रश्न पडले असता हा गृहस्थ पाचशे रुपयांच्या एका पावतीवर बोलायला उभा राहतो, याला काय म्हणावे, असेच आपल्या मनात आले असणार. ते पाचशे रुपये गेल्याचे दुःख मला नाही. निदान आता उरलेले नाही. परंतु ती पावती ज्या वेळी, ज्या दारात आणि ज्या कारणासाठी फाडली गेली, त्याचा विचार करू लागलो तेव्हा ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही, असे माझ्या ध्यानात आले. या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाच्या घरी एखादी तरी अशी रात्र येऊन गेली आहे, किंवा यायची आहे.

आधी हकीकत सांगतो. गेल्या श्रावणात माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वहिनींसह निपाणीहून माझ्याकडे आले होते. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात त्यांची सारी हयात गेली. भोपाळचा तलाव पाहायचा, सांचीला जाऊन यायचे, आणि धाकट्या भावाने परमुलखात बांधलेले घर एकदा डोळ्यांखाली घालायचे, एवढाच त्यांचा बेत. येताना रत्नागिरी तिराहा ही पाटी वाचून ते खूप हसले होते. "एवढा प्रवास करून शेवटी कोकणातच उतरवलंस की रे!" असे म्हणाले. तिसऱ्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर वहिनींनी माझे दार वाजवले. अण्णा पलंगावर बसले होते, अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि डावा हात ते सारखा चोळत होते. माझे चिरंजीव पुण्यास असतात. शेजाऱ्यांना हाक मारण्याइतकाही धीर मला नव्हता. १०८ क्रमांकाला दूरध्वनी केला. गाडी निघते आहे, असे उत्तर मिळाले. पण समोर अण्णांचा चेहरा पांढरा पडत चाललेला पाहून दारात वाट पाहत उभे राहणे मला जमले नाही. मी मोटार काढली.

कोणत्या रुग्णालयात गेलो त्याचे नाव येथे घेत नाही. खाजगी होते आणि सर्वांत जवळचे होते, एवढे पुरे. दारावरच्या छपराखाली मोटार उभी केली. स्ट्रेचर दिसेना, वॉर्डबॉय दिसेना. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने वहिनी, असे अण्णांना धरून आत नेले. मोटारीचे दार उघडे, दिवे चालू. "गाडी हटवा" असे कोणीतरी पाठीमागून ओरडल्याचे मला पुसटसे आठवते. मी वळलोही होतो, परंतु वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडीचं राहू द्या, ह्यांना धरा." मी धरले. आजही तशीच वेळ आली तर मी तेच करीन, हे आधीच कबूल करून टाकतो.

आत डॉक्टरांनी तत्परतेने हृदयाचा आलेख काढला, याबद्दल त्या तरुण डॉक्टरांचे आभार मानले पाहिजेत. छातीत कळ घेऊन आलेल्या रुग्णाचा आलेख तो दारात आल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे, असा आज सर्वत्र मानलेला दंडक आहे; आणि तुंबलेली रक्तवाहिनी फुगा घालून मोकळी करावयाची तर ते काम दारात पाऊल टाकल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत व्हावे, असाही. हृदयाचा स्नायू त्याहून जास्त वाट पाहत नाही. आलेख पाहून डॉक्टर म्हणाले, हे काम आमच्याकडे होण्यासारखे नाही, दुसरीकडे न्या, लगेच न्या. त्यांची रुग्णवाहिका दुसऱ्या कोणाला घेऊन गेलेली होती. मी म्हटले, माझी मोटार दारात आहे.

मोटार दारातच होती. तिच्या पुढच्या चाकाला पिवळा जॅमर होता.

शेजारी वाहने लावण्याच्या ठेक्यावरचा एक पोरगेला इसम पावत्यांचे पुस्तक घेऊन उभा होता. पाचशे रुपये, रोख. मी घरातल्या कपड्यांवर निघालो होतो. खिशात तीनशे चाळीस रुपये निघाले. दूरध्वनी घरी टेबलावर राहिलेला. वहिनींनी हातातली बांगडी काढायला सुरुवात केली, तेव्हा मात्र मला शरम वाटली आणि त्या पोरालाही वाटली असावी. पण किल्ली त्याच्याजवळ नव्हती. किल्ली मुकादमाजवळ, आणि मुकादम कोठे झोपला होता देव जाणे. पंचवीस मिनिटे गेली. घालवली कोणी, याचा निवाडा मी करीत नाही. घड्याळात पंचवीस मिनिटे गेली, एवढेच सांगतो. अखेर फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एका रिक्षात अण्णांना आडवे करून, त्यांचे डोके वहिनींच्या मांडीवर ठेवून, आम्ही निघालो.

अण्णा वाचले. आज ते निपाणीत आहेत. पूर्वी माळ्यावरचे पोते खाली उतरवणारा हा माणूस आता एक जिना चढला की पायरीवर बसतो. ते त्या पंचवीस मिनिटांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी तसे म्हटले नाही आणि मीही विचारले नाही.

येथपर्यंत माझी बाजू झाली. आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगताना जीभ जड होते. वाटेत तो रिक्षावाला, पन्नाशीचा गृहस्थ, मागे न पाहताच म्हणाला, "बाबूजी, वो सफ़ेद गाड़ी आपकी थी क्या?" मी हो म्हटले. मग तो काही वेळ बोलला नाही. पुढे दुसऱ्या रुग्णालयाच्या दारात भाडे देताना मीच खोदून विचारले, तेव्हा समजले की, आमच्यानंतर दहा मिनिटांनी तो एका म्हाताऱ्या बाईंना घेऊन आला होता. छपराखाली माझी मोटार आडवी उभी; रिक्षा आत जाईना. पावसात, फाटकापासून दारापर्यंत, त्याने आणि त्या बाईंच्या मुलाने त्यांना हातांवर उचलून नेले. एवढे सांगून तो थांबला. दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

सज्जनहो, या विषयावर रागाच्या भरात बोलणे सोपे होते, आणि त्या रात्री मी बोललोही असतो. परंतु त्या म्हाताऱ्या बाईंना मी विसरू शकत नाही. रुग्णालयाचे दार मोकळे असले पाहिजे हा नियम कोण्या अधिकाऱ्याच्या लहरीतून निघालेला नाही. १९८९ साली मोटार वाहन कायद्याखाली रस्त्यावरील वागणुकीचे जे नियम झाले, त्यांत बसथांबा, शाळा आणि रुग्णालयाचे प्रवेशद्वार यांच्याजवळ वाहन उभे करू नये, असे स्पष्ट लिहिले होते. तो नियम रुग्णासाठीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. ती कडक आहे असे मला वाटत नाही. मी स्वतः दाराची वाट अडवली होती, हे सत्य आहे आणि ते मला नाकारावयाचे नाही.

पण मग जॅमरचा विचार करा. माझ्या मोटारीने वाट अडवली, म्हणून तिच्या चाकाला कुलूप घातले. म्हणजे काय केले? जी मोटार मी दोन मिनिटांत हलवली असती, ती तेथेच खिळवून ठेवली! मी आलो तेव्हा वाट अडलेली होती, त्यांनी कुलूप लावल्यावरही अडलेली राहिली, आणि सकाळी अकरा वाजता पैसे भरून मी मोटार सोडवून नेईपर्यंत अडलेलीच होती. दरम्यान किती रुग्ण पावसात भिजत आत गेले असतील त्याची नोंद कोणाजवळ आहे? वाट मोकळी करणे हा हेतू असता तर चार माणसांनी मोटार बाजूला ढकलली असती. दार उघडे होते, आणि किल्लीही जागच्या जागी होती. हेतू वाट मोकळी करण्याचा नव्हता, पावती फाडण्याचा होता. आणि सकाळी हिशेब झाला तोही ऐकण्यासारखा: पाचशे रुपये चुकीच्या जागी मोटार उभी केल्याबद्दल, आणि त्याच जागी ती साडेआठ तास उभी राहिल्याबद्दल ताशी भाडे वेगळे. त्यांनीच कुलूप घालून ठेवलेल्या मोटारीचे भाडे! आमच्या अण्णांनी वखारीत असला हिशेब लिहिला असता तर मालकाने त्यांना दुसऱ्याच दिवशी घरी बसवले असते.

कायदा याविषयी काय म्हणतो, ते मी एका वकील मित्राकडून समजावून घेतले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२७ वे कलम सांगते की, मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन उचलून नेण्याचा किंवा चाकाला जॅमर लावून जखडण्याचा हुकूम त्या हद्दीचा, गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. पोलीस अधिकारी, लक्षात घ्या. ठेकेदाराचा मुकादम नव्हे. रुग्णालयाचे आवार खाजगी आहे, असे म्हणावे तर ठेकेदार फार तर फलकावर लिहिलेले भाडे मागू शकेल. दंड करणे हा सरकारचा अधिकार आहे, तो भाड्याने देता येत नाही. आणि ते आवार सार्वजनिक आहे, असे म्हणावे तर तेथे पोलिसाखेरीज कोणाचा हुकूम चालत नाही. दोहोंपैकी कोणतीही बाजू घेतली तरी ते पुस्तक त्या पोराच्या हातात कसे आले, हा प्रश्न उरतोच. सरकारी दंडाची रक्कमही डोळ्यांपुढे असू द्या: सामान्य गुन्ह्याला पहिल्या खेपेस पाचशे रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पंधराशेपर्यंत. ठेकेदाराने आपल्या पावतीवर नेमका पाचशेचा आकडा छापला, तो काही उगाच नाही. आकडा ओळखीचा दिसला की माणूस अधिकारही ओळखीचा समजतो.

याहूनही एक जुनी गोष्ट मला या निमित्ताने कळली, आणि ती कळल्यापासून माझे मन पुष्कळ शांत झाले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ८१ वे कलम होते. आज ते भारतीय न्याय संहितेचे १९ वे कलम म्हणून कायम आहे, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. मोठी हानी टाळण्यासाठी, दुष्ट हेतू नसताना, प्रामाणिकपणे कोणी लहान हानी केली, तर केवळ हानी होणार हे त्याला ठाऊक होते एवढ्यावरून तो गुन्हा ठरत नाही, असा त्याचा आशय. दृष्टांत मोठे बोलके आहेत. आग पसरू नये म्हणून कोणी शेजारची घरे पाडली, तर तो गुन्हेगार नव्हे. आगबोटीचा कप्तान समोरच्या वीस-तीस माणसांच्या नावेवर आदळणे टाळावयाचे म्हणून दिशा बदलतो, आणि तसे करताना दोन माणसांच्या नावेला धक्का लागण्याचा धोका पत्करतो. त्यालाही कायदा समजून घेतो. जो कायदा आगीच्या वेळी घर पाडू देतो, तो भावाला खांद्यावर घेऊन आत जाणाऱ्याच्या मोटारीकडे निराळ्या नजरेने पाहील, असे मला वाटत नाही. परंतु पाचशे रुपयांसाठी न्यायालयाची पायरी कोण चढतो? वकिलाची पहिली भेटच त्याहून महाग. हे ठेकेदाराला ठाऊक असते. त्याचा सारा व्यवहार याच माहितीवर चालतो.

आणि एक विसंगती पाहा. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या याचिकेवर निकाल दिला. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले, जवळच्या रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून हात लावला नाही, वीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात पाठवले, आणि तो वाटेतच गेला, ही बातमी त्या याचिकेच्या मुळाशी होती. आधी जीव, मग कागद, असे न्यायालयाने प्रत्येक डॉक्टरला बजावले. पुढे १९९६ साली बंगालमधील हकीम शेख यांचे प्रकरण आले. आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. तातडीचा उपचार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले: रस्त्यावरच्या अपघातातील जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्या परक्या माणसाला कोणी त्रास देऊ नये, त्याला थांबवून ठेवू नये. किती योग्य! पण याचा अर्थ असा होतो की, वाटेवरचा जखमी उचलून आणणाऱ्या परक्याला कायद्याचे कवच आहे, आणि सख्ख्या भावाला उचलून आणणाऱ्या भावाला पावती आहे. डॉक्टर अडवणार नाही, खाट नाकारता येणार नाही, परक्याची चौकशी होणार नाही, एवढे सगळे ठरले. फक्त दारातल्या त्या दहा फूट जागेत काय व्हावे याचा विचार करावयाचा राहून गेला.

भोपाळकरांना तरी ही दहा फूट जागा समजावून सांगावी लागू नये. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखांमधल्या त्या रात्री हमीदियाच्या दाराशी माणसे कशी कशी पोचली, ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. हातगाडीवर, सायकलीवर, कोणाच्या पाठीवर. त्या रात्री जे वाहन माणूस घेऊन आले ते रुग्णवाहिकाच होते. त्यावर लाल दिवा होता की नव्हता, हे कोणी पाहिले नसेल. एका घरावर येणारी रात्र शहरावर येणाऱ्या रात्रीएवढी मोठी नसते, हे मान्य. पण त्या घराला त्यातला फरक कळत नाही.

आता दुसरी बाजू. रुग्णालयाच्या व्यवस्थापकाला विचारा. तो म्हणेल, प्रत्येक जण "इमर्जन्सी" म्हणतो. खोटे नाही ते. बाळंतिणीला पाहायला फळांची टोपली घेऊन येणाराही छपराखाली मोटार लावून तासभर वर जातो, आणि खाली आल्यावर छातीला हात लावतो. समोरच्या बाजारात खरेदीला आलेले लोक रुग्णालयाच्या आवारात मोटारी लावतात, हेही आपण पाहतो. लावणाऱ्यांत आपणही असतो. मग खरा कोण आणि खोटा कोण, हे रात्री तीन वाजता मुकादमाने कसे ओळखावे? मी म्हणतो, मुकादमाने ओळखूच नये. त्याचे ते कामच नव्हे. तातडीच्या विभागात जी नोंदवही असते तीत रुग्णाचे नाव आणि वेळ लिहिलेली असते. माझ्याजवळ दोन कागद आहेत. एक, अण्णांच्या हृदयाचा आलेख. त्याच्या कोपऱ्यात यंत्राने छापलेली वेळ आहे, दोन वाजून एक्कावन्न मिनिटे. दुसरा, दंडाची पावती. तीवर पेनने लिहिलेली वेळ आहे, दोन वाजून छप्पन्न मिनिटे. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवायला किती विद्वत्ता लागते? विभागातल्या परिचारिकेने एका चिठ्ठीवर शिक्का मारून दिला आणि तो दाखवताच पावती आपोआप रद्द झाली, तर खोटे बोलणाऱ्याला वाव उरत नाही आणि खऱ्याला हात जोडावे लागत नाहीत. मला दया नको आहे. त्या पोराच्या मनात दया होती. पण किल्ली त्याच्याजवळ नव्हती. दयेचे असेच असते.

पण पावती रद्द करणे हे झाले मागाहूनचे काम. त्याने माझे पाचशे रुपये वाचतील. त्या म्हाताऱ्या बाईंचे भिजणे टळणार नाही. त्यासाठी दाराशी एक माणूस हवा. हॉटेलात जेवायला जाणाऱ्याच्या हातातली किल्ली घ्यायला टोपी घातलेला नोकर उभा असतो. लग्नाच्या मोठ्या कार्यालयातही आता असतो. पोटात भूक असलेल्याची मोटार लावून देण्याची सोय आपल्या समाजाने केली आणि छातीत कळ असलेल्याची केली नाही. रात्री दाराशी असा एक माणूस उभा राहिला, त्याने "तुम्ही आत जा, मी गाडी लावतो" एवढे चार शब्द म्हटले, तर नियम, दंड, जॅमर, मुकादम यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. त्या माणसाचा महिन्याचा पगार ठेकेदार भरत असलेल्या रकमेतून सहज निघेल. आणि ज्या रुग्णालयांनी इमारतीच्या परवानगीसाठी तळघर वाहनांकरिता दाखवले आणि मागाहून तेथे औषधाची दुकाने वा तपासणीच्या खोल्या थाटल्या, त्यांनी तर या खर्चाबद्दल तोंड उघडू नये. तळघर मोकळे करून घेणे हे नगरपालिकेचे काम आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

इतर देशांत हा प्रश्न नाही, असे नाही. इंग्लंडात रुग्णालयाच्या आवारातील मोटारभाड्यावरून वर्षानुवर्षे भांडणे चालली. स्कॉटलंडातील न्यायालयाने खाजगी जागेत जॅमर लावून पैसे मागणे ही खंडणी आहे, असे १९९२ सालीच ठरवले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून कायद्यानेच त्याला बंदी झाली. वेल्स आणि स्कॉटलंड यांनी २००८ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी रुग्णालयांतले भाडे उठवले, स्कॉटलंडातील शेवटच्या तीन रुग्णालयांतले २०२१ मध्ये गेले. इंग्लंडात भाडे राहिले. पण २०२१ पासून आजारी मुलाजवळ रात्र काढणाऱ्या आई-बापांना, वारंवार यावे लागणाऱ्या रुग्णांना, अपंगांना आणि रात्रपाळीच्या नोकरांना ते माफ आहे. मोटारी त्यांच्याकडे आपल्यापेक्षा अधिक आणि जागा कमी. तरी त्यांनी कोणाकडून घ्यायचे आणि कोणाकडून नाही, एवढा भेद करून पाहिला.

हे भाषण गावाकडच्या वर्तमानपत्रात छापून येणार आहे, असे मला सांगितले आहे. म्हणून दोन शब्द तिकडच्या मंडळींसाठी. आपणांस येथे बसून कल्पना येणार नाही, पण आमच्या भागात आजारी माणूस बहुधा राज्याची हद्द ओलांडूनच बरा होतो. निपाणीचा माणूस कोल्हापूरला नेतात; चिकोडी-अथणीचा मिरजेला, जेथे वान्लेस साहेबांनी १८९४ साली रुग्णालय काढले तेव्हापासून ही वाट पडलेली आहे. उलट चंदगडचा माणूस बेळगावला नेतात, आणि कारवारचा गोव्यात बांबोळीला. म्हणजे एका राज्याच्या क्रमांकाची मोटार रात्री दुसऱ्या राज्यातील रुग्णालयाच्या दाराशी उभी राहते. तिच्या पाटीवरची अक्षरे पाहूनच ही बाहेरची, हे उमगते. आणि बाहेरच्या मोटारीची पावती फाडणे नेहमीच सोपे, कारण तिचा मालक दुसऱ्या दिवशी भांडायला येणार नसतो. त्यात फलकाची भाषा. वाहन उभे करू नका, ही खूण कायद्याने चित्राची ठेवली आहे: निळी तबकडी, तांबडी कडा आणि तिला छेद देणारी एक तांबडी रेघ, दोन रेघांची फुली असेल तर थांबायचेसुद्धा नाही. चित्राला भाषा लागत नाही, हे शहाणपणाचे. परंतु कोणत्या वेळी, कोणाला सूट, रुग्ण उतरवायला किती मिनिटे, हे त्या चित्राखाली अक्षरांत लिहितात. येथे भोपाळला ती अक्षरे देवनागरी असल्यामुळे मला वाचता येतात. बेळगावला माझ्या वहिनींसारख्या मराठी बाईला केवळ कानडीतला फलक वाचता येत नाही, आणि कोल्हापुरास आलेल्या कानडी शेतकऱ्याला केवळ मराठीतला येत नाही. ज्याला नियम वाचता आला नाही त्याला नियम मोडला म्हणून दंड करणे, हे कोणत्याही राज्याला शोभत नाही. सीमेच्या प्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो. रुग्णालयाच्या दारावरचा फलक दोन्ही भाषांत रंगवायला फक्त एक रंगारी लागतो.

आता आपल्या अयोध्यानगरापुरते बोलतो. भेलमध्ये आपण मंडळी कामाला लागलो, तेव्हा वसाहतीत कोणाच्याही घरी रात्री दिवा लागला तर शेजारचा उठत असे. निवृत्तीनंतर आपण स्वतःची घरे बांधून इकडे आलो, मुले पुण्या-बंगळूरला गेली, आणि प्रत्येक बंगल्यात दोन म्हातारी माणसे आणि एक मोटार, अशी आपली स्थिती झाली. त्या रात्री मोटारीत माझ्याजवळ आणखी एक माणूस असता तर त्याने ती बाजूला लावली असती. रिक्षा आत आली असती. म्हातारी बाई भिजली नसती. जॅमर लागला नसता आणि आम्ही पंचवीस मिनिटे आधी निघालो असतो. मी शेजाऱ्याला हाक मारली नाही, कारण रात्री अडीच वाजता त्यांची झोप मोडणे मला प्रशस्त वाटले नाही. ते शेजारी समोर बसले आहेत. दुसऱ्या दिवशी ते माझ्यावर जे रागावले ते अगदी योग्य होते.

रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला मी रीतसर अर्ज केला आहे. आलेखाची आणि पावतीची, अशा दोन्ही नकला जोडल्या आहेत. दंड परत मागितलेला नाही. दाराशी रात्री माणूस ठेवावा, जॅमर बंद करावा आणि तातडीच्या विभागाचा शिक्का असलेली चिठ्ठी मान्य करावी, एवढेच मागितले आहे. उत्तर यावयाचे आहे. अर्जावर आणखी सह्या असल्या तर उत्तर लवकर येईल, म्हणून त्याची एक प्रत पाणी ठेवले आहे त्या टेबलावर ठेवली आहे. तिच्याशेजारी एक वही आहे. रात्री हाक आली तर सोबत यायला जे तयार आहेत त्यांनी आपले नाव, घराचा क्रमांक आणि दूरध्वनी तीत लिहावा. मोटार चालवता येत असेल तर तसे लिहावे. येत नसेल तरी नाव लिहावे, स्ट्रेचर शोधायलाही माणूस लागतो. पहिले नाव माझे आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची असल्यामुळे मार्गशीर्षापर्यंत मला फक्त सोबतीला घ्या, चाकावर बसवू नका.